टीडीपीचे वॅट आणि प्रोसेसरचा वेग

फर्स्ट इयरचे अ‍ॅडमिशन झाले की हॉस्टेलमध्ये पीसी असेंबल करण्याची चर्चा सुरू होते. घरून पैसे एकदाच येतात, त्यामुळे प्रोसेसर चुकला तर चार वर्षे तोच वापरावा लागतो. "६५ वॅटचा नको रे, १२५ वॅटचा घे, त्यात जास्त पॉवर आहे" हा सल्ला आमच्या विंगमध्ये मी इतक्या वेळा ऐकला की शेवटी यावर लिहायचेच ठरवले.

सगळा घोटाळा 'पॉवर' या शब्दाचा आहे. मी इंग्रजी माध्यमातला, आमच्याकडे प्रोसेसरही पॉवरफुल आणि गीझरचीही पॉवरच. मराठी माध्यमातला माझा रूममेट 'शक्ती' म्हणतो, पण त्यानेही प्रश्न सुटत नाही. पैलवानाची शक्ती वेगळी आणि वॅटमध्ये मोजायची शक्ती वेगळी!

टीडीपी म्हणजे थर्मल डिझाइन पॉवर. प्रोसेसर जी वीज घेतो तिची जवळजवळ सगळीच उष्णता होते. ती बाहेर काढायला कूलर किती ताकदीचा हवा, हे कूलर बनवणाऱ्याला कळावे म्हणून हा आकडा. तो वेगाचे माप नाही, आणि गंमत म्हणजे जास्तीत जास्त किती वीज लागेल याचेही माप नाही. इंटेलचा आकडा सगळे कोअर बेस फ्रिक्वेन्सीवर काम करताना धरलेला असतो, टर्बोमध्ये प्रोसेसर त्याच्या वर जातो. २०२१ च्या आय-९ १२९००के या प्रोसेसरला इंटेलने दोन आकडे दिले: बेस पॉवर १२५ वॅट आणि कमाल टर्बो पॉवर २४१ वॅट. एएमडीच्या २०२२ च्या रायझन ९ ७९५०एक्सचा टीडीपी १७० वॅट, पण सॉकेटमधून तो २३० वॅटपर्यंत घेऊ शकतो. म्हणजे दोन कंपन्यांचे टीडीपी शेजारी ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

मग वॅटचा आणि वेगाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण सरळ नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात आपण लिहितो ते सूत्र आठवा: पी = सी × व्ही² × एफ. चिपमधले ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना लागणारी पॉवर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. आणि एका मर्यादेनंतर फ्रिक्वेन्सी वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावेच लागते. समजा दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले, तर १.१ चा घन १.३३, म्हणजे १० टक्के वेगासाठी ३३ टक्के जास्त उष्णता. २० टक्क्यांसाठी ७३ टक्के! शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात ते यामुळे.

याचे छान उदाहरण एएमडीनेच दिले आहे. रायझन ७ ५८००एक्स (२०२०) आणि ५७००एक्स (२०२२), दोघांत झेन ३ चे आठ कोअर, कॅशही तेवढीच. एकाचा टीडीपी १०५ वॅट, दुसऱ्याचा ६५. कमाल बूस्ट किती? ४.७ आणि ४.६ गिगाहर्ट्झ. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात फरक जाणवणारही नाही. आठही कोअर तासभर राबवणारे रेंडरिंग किंवा मोठे सिम्युलेशन असेल तेव्हा मात्र १०५ वॅटवाला पुढे जातो, हे मान्य करायला हवे.

चिपची रचनाच बदलली तर वॅटचे गणित पार उलटते. २००४ साली इंटेलने पेंटियम ४ चे प्रेस्कॉट मॉडेल काढले. जास्त गिगाहर्ट्झ गाठता यावेत म्हणून पाइपलाइन २० पायऱ्यांवरून ३१ वर नेली. ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचेस्तोवर टीडीपी ११५ वॅट झाला, आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोडून द्यावा लागला. लांब पाइपलाइनमध्ये ब्रँचचा अंदाज चुकला की अर्धवट झालेले बरेच काम फेकून द्यावे लागते, ते नुकसान वेगळेच. मग जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्यातला ई६६०० फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, ६५ वॅटचा, आणि तरी त्याने पेंटियमला मागे टाकले. एका क्लॉकमध्ये किती काम उरकते हे गिगाहर्ट्झमध्येही दिसत नाही आणि वॅटमध्येही नाही.

आता आपल्या रूमकडे या. समजा साध्या कूलरचा थर्मल रेझिस्टन्स ०.५ अंश प्रति वॅट आहे. मे महिन्यात कॅबिनेटच्या आतली हवा ४५ अंशांवर गेली, तर ६५ वॅटला चिप ७७.५ अंशांवर राहील, काही बिघडत नाही. १२० वॅटला उत्तर येते १०५. पण तिथवर ती जाणारच नाही, कारण बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. ९५ ची मर्यादा धरली तर या कूलरवर फक्त १०० वॅट वापरता येतील. म्हणजे पैसे १२० वॅटच्या चिपचे दिले आणि परीक्षेच्या दिवसांत ती चालते १०० वर. शिवाय १०० वॅट जास्त जाळणारा पीसी दहा तास चालला की एक युनिट जाते, आणि ती उष्णता आपल्याच रूममध्ये फिरत राहते. पंखा काय, गरम हवाच ढवळतो.

म्हणून कोटेशन घेताना आधी पिढी आणि कोअर बघा, मग तुमच्याच कामाचे बेंचमार्क बघा. वॅटचा आकडा कूलर आणि पॉवर सप्लाय ठरवताना वापरा, आणि तिथे टर्बोचा आकडा धरा. जास्त वॅटचा प्रोसेसर आधीच घेतला असेल तर बायोसमध्ये पॉवर लिमिट कमी करता येते, एएमडीत त्याला इको मोड म्हणतात. वेग थोडाच कमी होतो, उष्णता बरीच. आणि सेमिस्टर संपताना कूलरच्या पत्र्यांमधली धूळ ब्रशने काढत जा, कारण तो ०.५ चा आकडा नव्या, स्वच्छ कूलरचा आहे.