जठराचा कर्करोग : बशीतल्या पेशी काय सांगतात?

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच जनुके असतात. तरीही जठरातील पेशी आम्ल स्रवतात आणि डोळ्यातील पेशी प्रकाश टिपतात. याचे कारण असे की, प्रत्येक पेशीत काही जनुके जागी असतात, तर काही निद्रिस्त. जाग्या जनुकातील संदेश आरएनएत उतरतो आणि त्यावरून बहुधा प्रथिन घडते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. कर्करोगात ही शिस्त बिघडते.

हा बिघाड रुग्णाच्या जठरात पुनःपुन्हा डोकावून पाहणे शक्य नसते. म्हणून गाठीतील पेशी पोषक द्रवात, 37 अंश सेल्सिअस तापमानाला वाढवतात. त्यांतील ज्या पेशी अखंड विभागत राहतात, त्यांच्या वंशाला ‘सेल लाइन’ म्हणतात. भारतात या विद्येचा पाया आपल्याजवळच, मुंबईत घातला गेला. तेथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी 1960च्या दशकात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र अशा पेशी जतन करून संशोधकांना पुरवते.

‘एजीएस’ ही जठर-कर्करोगाची सेल लाइन 54 वर्षांच्या एका स्त्रीच्या गाठीतून मिळाली. एका बशीतील एजीएस पेशींवर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सोडतात. दुसरी बशी तशीच ठेवतात. मग दोन्हींतील आरएनए मोजतात. पहिल्या बशीत दाह वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-8 या प्रथिनाच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढलेली आढळते. दुसरी बशी नसती, तर ही वाढ जिवाणूमुळेच झाली, असे म्हणता आले नसते.

परंतु बशी म्हणजे माणूस नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारशक्ती नसते. कधी पेशींची ओळखही चुकते : ‘एमकेएन-28’ म्हणून वापरली जाणारी सेल लाइन प्रत्यक्षात ‘एमकेएन-74’ निघाली. म्हणूनच आता डीएनएवरून ओळख पटवून घेण्याचा आग्रह धरला जातो.

एखाद्या चूर्णाने ‘प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी जाहिरात वाचनात आली, तर पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी विचारावे : दुसरी बशी कोठे आहे? माणसांवर चाचणी झाली काय? अशा चूर्णाच्या भरवशावर उपचार लांबवू नयेत. लांबलेले अपचन, अकारण घटणारे वजन किंवा डांबरासारखी काळी शौच दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. विज्ञान शिकवताना आम्हांला मुलांच्या हाती द्यायची आहे ती ही प्रश्न विचारण्याची सवय.