रुग्ण दाराशी का येत नाही? : मदुराईच्या नेत्रसेवेचा धडा

शस्त्रक्रिया मोफत आहे, डॉक्टर उपलब्ध आहेत, शिबिराची दवंडीही पिटली आहे. आणि तरीही मोतिबिंदूने अंध झालेला वृद्ध घराच्या ओट्यावरच बसून राहतो. असे का घडते? हा प्रश्न रुग्णाचे अज्ञान सांगून सोडून देण्याचा नसून, तो सेवा देणाऱ्याने स्वतःला विचारण्याचा आहे, ही जाणीव ज्या संस्थेने भारतात प्रथम गांभीर्याने अंगी बाणवली त्या संस्थांत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागेल.

स्थापना व प्रेरणा

डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म 1918 साली तामिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात झाला. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना त्यांना संधिवाताने ग्रासले व हातांची बोटे कायमची वाकडी झाली. प्रसूतिशास्त्राचा मार्ग त्यामुळे बंद झाला. तथापि त्यांनी नेत्रशास्त्राचे शिक्षण घेतले आणि त्याच बोटांनी शस्त्र धरण्याचा सराव केला. पुढे त्यांनी स्वतः एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. 1976 साली वयाच्या 58 व्या वर्षी शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मदुराई येथे अवघ्या 11 खाटांचे रुग्णालय उघडले. केंद्र शासनाचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

रुग्णालय वाढू लागले तसे केवळ शल्यविशारदांच्या कौशल्यावर भागेना. 1981 साली श्री. आर. डी. तुलसीराज हे व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधर संस्थेत दाखल झाले. त्यांनी कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत शिक्षण घेतले होते. ते डॉक्टर नव्हते. रुग्ण घरातून निघाल्यापासून दृष्टी घेऊन परत जाईपर्यंत त्याच्या वाटेत कोठे कोठे अडथळे येतात, याचा हिशेब ठेवणे हे अशा व्यवस्थापकाचे खरे कार्य होय. आज मोठमोठ्या उद्योगांत ‘ग्राहक अनुभव अधिकारी’ असे स्वतंत्र पद निर्माण झाले आहे. त्या पदामागील विचार येथे पदनामाशिवायच रुजला.

मोफत म्हणजे विनाखर्च नव्हे

श्री. तुलसीराज यांचा सहभाग असलेला एक क्षेत्रीय अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. दक्षिण भारतातील निरनिराळ्या खेड्यांत निरनिराळ्या पद्धतींनी प्रचार करून, तसेच काही ठिकाणी केवळ शस्त्रक्रिया मोफत देऊन व काही ठिकाणी प्रवास आणि भोजनासह संपूर्ण खर्च उचलून, लोकांचा प्रतिसाद तपासण्यात आला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली अशी की, संपूर्ण खर्च उचलल्यास शस्त्रक्रियेस तयार होणाऱ्यांची संख्या वाढते. दुसरी अशी की, ज्याची स्वतःची शस्त्रक्रिया झाली आहे अशा व्यक्तीने घरोघरी जाऊन सांगितलेले लोकांना पटते.

याचा अर्थ उघड आहे. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मोफत शस्त्रक्रियाही महाग असते. बसचे भाडे, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, परगावी जेवणाची सोय आणि त्या सर्वांवर डोळ्याला शस्त्र लागण्याची भीती, हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणूनच अरविंदच्या शिबिरात निवडलेल्या रुग्णांना बसने रुग्णालयात नेणे, त्यांना भोजन देणे व परत गावी पोचविणे, हे उपचाराचेच अंग मानले गेले. ज्यांना केवळ चष्म्याची गरज आहे त्यांना तो शक्यतो शिबिरातच तयार करून देण्याची व्यवस्था करण्यात आली. कारण चष्म्यासाठी दुसरी फेरी करावी लागली, तर अनेकजण ती करीतच नाहीत.

तंत्रज्ञान कोणासाठी?

पूर्वीच्या पद्धतीत मोतिबिंदूबरोबर डोळ्याचे नैसर्गिक भिंग काढून टाकले जाई व रुग्णास जाड काचांचा चष्मा दिला जाई. त्यातून वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या दिसत आणि दृष्टीचे क्षेत्र आकुंचित होई. शेतात तो चष्मा फुटला की शस्त्रक्रिया होऊनही माणूस पुन्हा जवळजवळ अंध होई. शस्त्रक्रियेच्या नोंदवहीत हा रुग्ण ‘यशस्वी’ म्हणून नोंदलेला असे, हा यातील विरोधाभास होय.

डोळ्यात बसविण्याचे कृत्रिम भिंग हा यावरील उपाय होता. परंतु आयात केलेल्या भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास असल्यामुळे ते गरिबांच्या आवाक्याबाहेर होते. 1992 साली मदुराई येथे ‘ऑरोलॅब’ ही ना-नफा तत्त्वावरील उत्पादनसंस्था स्थापन झाली आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या घरात व पुढे त्याहूनही खाली आली. कालांतराने तेथील भिंगे शंभराहून अधिक देशांत पोचली. श्रीमंताला भिंग आणि गरिबाला जाड चष्मा, हा भेद दूर करणे हेच या तंत्रज्ञानाचे खरे मूल्य मानावे लागेल.

2004 नंतर खेडोपाडी दृष्टिकेंद्रे उघडण्यात आली. साधारणपणे 50 हजार लोकवस्तीमागे एक केंद्र, तेथे प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि संगणकाद्वारे दूरच्या रुग्णालयातील डॉक्टरांशी तत्काळ सल्लामसलत, अशी त्याची रचना आहे. अशा केंद्रांची संख्या आता शंभराच्या पुढे गेली आहे. शिबिर वर्षातून एखादे वेळी येते. केंद्र मात्र रोज उघडे असते.

वेग आणि माणुसकी

अरविंदच्या शस्त्रक्रियागृहात शल्यविशारदाच्या बाजूस दोन टेबले असतात. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्याची तयारी पूर्ण होते. खेड्यांतून आलेल्या तरुणींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन बहुतेक पूर्वतयारी व शुश्रूषा त्यांच्याकडे सोपविली आहे. माणसांना कारखान्यातील वस्तूंप्रमाणे वागविले जाते की काय, अशी शंका यावर घेता येईल. तिचे उत्तर दोन गोष्टींत सापडते. एक म्हणजे प्रत्येक शल्यविशारदाच्या शस्त्रक्रियांतील गुंतागुंतीची नोंद ठेवून ती तपासली जाते. दुसरी म्हणजे, सशुल्क व मोफत अशा दोन्ही विभागांत तेच डॉक्टर आळीपाळीने काम करतात. उत्पन्नाचा दाखला कोणाकडेही मागितला जात नाही. कोणत्या विभागात जायचे हे रुग्णच ठरवितो. फरक असतो तो खोली व इतर सुखसोयींचा, डोळ्यावरील उपचाराचा नव्हे.

डॉ. वेंकटस्वामी 2006 साली निवर्तले. संस्थेचा अनुभव इतरांना देण्यासाठी 1992 साली सुरू झालेल्या व श्री. तुलसीराज यांनी नेतृत्व केलेल्या प्रशिक्षण संस्थेमार्फत देशविदेशातील शेकडो रुग्णालयांनी या पद्धतीचा अभ्यास केला आहे.

बोध

गावात नेत्रतपासणी शिबिर भरविणाऱ्या ग्रामपंचायतीस, आरोग्य कर्मचाऱ्यांस वा शिक्षकांस यातून काही गोष्टी सहज घेता येतील. शिबिराला किती आले, याच नव्हे तर नाव नोंदवूनही किती आले नाहीत, याचीही यादी करावी. त्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे. वाहन आणि सोबतीची सोय आधी ठरवावी. गतवर्षी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या आजीबाईंना प्रचारासाठी बरोबर घ्यावे; त्यांचे दोन शब्द भित्तिपत्रकांहून अधिक काम करतील. आणि शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने रुग्णाला खरोखर दिसते काय, हे पाहिल्याखेरीज त्याचे नाव ‘पूर्ण’ या रकान्यात लिहू नये.

सेवा दिली गेली की नाही, हे देणाऱ्याच्या नोंदवहीवरून ठरत नाही. ती घेणाऱ्याच्या डोळ्यांतच पाहावी लागते.