चंद्रप्रभाच्या जंगलात शिकाऱ्याच्या चालीने चालू नका

काशीला गेलेला भटका मराठी माणूस घाट आणि सारनाथ झाले की राजदरी-देवदरीचे धबधबे गाठतो. ते आहेत चंदौली जिल्ह्यातल्या चंद्रप्रभा अभयारण्यात, शहरापासून सुमारे 70 किलोमीटरवर. 1957 साली इथे गीरचे सिंह आणून सोडले होते. ते वाढले आणि पुढच्या दशकात नाहीसेही झाले. सिंह गेले म्हणजे भीती गेली, असा अनेकांचा समज होतो. पण विंध्याच्या या पट्ट्यात बिबट्या, तरस आणि अस्वल आहेत. पायी फिरणाऱ्याने सर्वांत जास्त जपावं ते अस्वलापासून. अस्वल माणसाला खायला येत नाही. अचानक समोरासमोर आलं की दचकून अंगावर येतं.

धोक्याचं मूळ या दचकण्यात आहे, म्हणून सावधगिरीही तिथूनच सुरू व्हायला हवी. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणाची शिकार करणारे लोक दबक्या पावलांनी, वाऱ्याच्या उलट दिशेने, पहाटे आणि संध्याकाळी फिरतात. हरणाला चाहूल लागू नये म्हणून केलेल्या या युक्त्यांमुळे ग्रिझली अस्वलालाही चाहूल लागत नाही, आणि मारलेल्या एल्कच्या वासावर तर ते येतंच. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण सांबराच्या फोटोसाठी गवतातून सरपटणारा हौशी माणूस चालतो मात्र त्याच शिकाऱ्याच्या चालीने. वारूळ फोडून वाळवी ओढून घेणाऱ्या अस्वलाला आपल्याच आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात, तेव्हा पहाटे मोहाखाली ते असू शकतं. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपासच्या गावकऱ्यांना हे सांगावं लागत नाही.

बोलत चाललो तर जंगलाची शांतता मोडेल, हा आक्षेप रास्त आहे. स्पीकर लावणं तर अपराधच. पण नेहमीच्या आवाजातलं बोलणं, वळणावर दगडावर काठी आपटणं एवढ्याने जनावराला बाजूला व्हायला वेळ मिळतो. धबधब्याजवळ पाण्याच्या आवाजात आपली चाहूल बुडते, तिथे आवाज थोडा वाढवा. दुसरा आक्षेप असा की बिबट्याला आवाजाने काय फरक पडणार? बहुतेकदा तोही माणसाची चाहूल लागली की सरकतो. मात्र वाकलेला माणूस किंवा एकटं मूल त्याला सावजासारखं भासू शकतं, म्हणून मुलं मधे ठेवा आणि अंधार पडायच्या आत परत फिरा.

आडवाटेला वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नका. ताजं मारलेलं जनावर दिसलं तर फोटो न काढता आल्या वाटेने मागे या. अस्वल दिसलं तर पळू नका, झाडावर चढू नका, तेही चढतं. तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथे पडून मान आणि चेहरा हातांनी झाका, कारण त्याच्या जखमा बहुधा डोक्याला आणि चेहऱ्याला होतात. बिबट्यासमोर मात्र ताठ उभे राहा, हात वर करून ओरडा. चावा असो की ओरखडा, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. मोठ्या दुखापतीसाठी वाराणसीत बीएचयूचं ट्रॉमा सेंटर आहे. ते दूर आहे हे लक्षात ठेवून गाडी आणि चालक जवळच थांबवून ठेवा.