पाठीवरचे ओझे

प्रवासवर्णन लिहिण्याचा हा प्रयत्न नव्हे. सप्तशृंगगडाच्या वाटेवरील स्थळांचे वर्णन अनेकांनी केले आहे. गेल्या चैत्रात आम्ही नऊ विद्यार्थी धुळ्याहून पायी गडावर गेलो, त्या चार-पाच दिवसांत माझ्या कोणत्या समजुती खोट्या ठरल्या, एवढेच येथे मांडायचे आहे.

खान्देशाला देवीचे माहेर मानतात. त्यामुळे रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत जळगाव-धुळ्याकडून गडाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. धुळ्याहून मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी अशी आमची वाट होती; अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. आमच्या गटातील एका मित्राचे घर पारोळ्याकडे. त्याच्या गावचा जथा पारोळ्याहून पस्तीस किलोमीटर चालून धुळ्यास आला आणि आम्ही त्यात सामील झालो. आमच्यापैकी बहुतेकांचा हेतू देवदर्शनापेक्षा पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडण्याचा होता, ज्याला हल्ली बॅकपॅकिंग म्हणतात. आखणी माझी होती. कोणत्या वेळी कोठे पोहोचायचे याचा तक्ता मी भ्रमणध्वनीत तयार करून ठेवला होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

जथ्याबरोबर सामानाचा एक टेम्पो होता. "पिशव्या यात टाका," असे एका बाबांनी सांगितले. आम्ही नकार दिला. ओझे टेम्पोत टाकायचे तर मग बॅकपॅकिंग कसले? एका आजींनी माझ्या सॅककडे पाहून विचारले, "इतलं वझं कसाले लिन्हं रे भाऊ?" त्यांच्या स्वतःच्या हाती एक कापडी पिशवी होती. तिच्यात एक लुगडे, दशम्या, मिरचीचा ठेचा आणि पाण्याची बाटली. माझी सॅक नऊ किलोंची भरली होती. अभ्याससुटी चालू असल्याने घरच्यांचे समाधान व्हावे म्हणून प्रत्येकाने नोट्स घेतल्या होत्या, त्या गडावर जाऊन न उघडता परत आल्या. पुढे एका मुक्कामी आम्ही सर्व सामान सतरंजीवर ओतले तेव्हा नऊ जणांत सात टूथपेस्ट निघाल्या, पण मीठ-साखरेची पुडी एकाकडेही नव्हती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी निघालो. लळिंगचा किल्ला अंधारात मागे पडला आणि रात्री आर्वीजवळ मुक्काम झाला. पहाटे तीनला जथा उठला. त्याची चाल मला फार संथ वाटली. निशाणाच्या लगेच मागे म्हाताऱ्या बायका, मध्ये बाकीचे, आणि तगडे गडी सर्वांत शेवटी. मला वाटले, ही रचना उलटी आहे. धडधाकट माणसांनी पुढे राहून वेग ठरवायला नको का? मी आमचा गट पुढे काढला. आमच्यातला सर्वांत जलद चालणारा मी होतो आणि मी पुढे होतो.

नऊच्या सुमारास झोडगे आले. तेथे माणकेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे. इतिहासाच्या तासाला हेमाडपंती शैलीवर आम्ही पाने भरून लिहिले आहे, पण त्या दिवशी त्या मंदिरासमोर पाच मिनिटेही कोणी उभे राहिले नाही, कारण तक्त्यात त्यासाठी वेळ नव्हता. जथा मात्र झाडाखाली विसावला. आता ऊन उतरल्यावर, चारनंतरच निघायचे, असे त्यांनी सांगितले. मालेगाव वीस किलोमीटर राहिले होते. दुपारीच गाठू, असे मी म्हणालो. दोघी मैत्रिणींनी कुरकुर केली, ती मी हसण्यावारी नेली. पारोळ्याचा मित्र काहीच बोलला नाही. तो सकाळपासून स्वतःचे पाणी इतरांना देत होता हे मला नंतर कळले.

चिखलओहोळ मागे पडले. बारा वाजत आले होते. मागून हाक आली म्हणून वळलो, तर तो रस्त्याच्या कडेला बसला होता. त्याचा घाम थांबला होता, कातडी तापली होती, आणि "मला घरी जायचंय, बैल सोडायचे आहेत," असे काहीतरी तो बोलत होता. त्यांच्या घरी बैल नाहीत. उन्हात चालणाऱ्याचा घाम थांबणे आणि बोलणे असंबद्ध होणे ही उष्माघाताची लक्षणे, हे आज मला तोंडपाठ आहे. त्या वेळी मी सॅकमध्ये टॉर्च शोधत होतो. का, ते अजून कळत नाही.

कांद्याच्या शेतातून एक शेतकरी धावत आले. त्यांनी मित्राला सावलीत आडवे केले, बूट काढले, अंगावर पाणी ओतले, ओला गमछा मानेखाली व काखेत ठेवून आम्हाला पुठ्ठ्याने वारा घालायला लावले. शुद्ध धड नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू दिले नाही, हे विशेष. मग वाटेवरची एक जीप थांबवून त्याला मालेगावच्या दवाखान्यात नेले. संध्याकाळपर्यंत तो नीट बोलू लागला. त्याच्या आईला दूरध्वनी मी केला. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, "तुम्ही सगळे जेवलात का?"

रात्री जथा मालेगावी पोहोचला. कोणी बोल लावला नाही. त्या आजी जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू पुढे व्हता ना रे भाऊ? मांगे देखं का?"

त्या रात्री सॅक टेम्पोत गेल्या. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण एका मैत्रिणीने पाठ केले आणि त्या बाटल्या तेवढ्या आम्ही हाती ठेवल्या. तक्ता मी पुसून टाकला. जथ्याच्या संथ चालीचे गणित हळूहळू उमगले: म्हातारी माणसे पुढे असली की कोणी मागे राहतच नाही, आणि कोणी बसलेच तर शेवटच्या गड्याच्या नजरेतून सुटत नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचने देणारे विनोबा १९५१ पासून वर्षानुवर्षे देशभर पायी हिंडले. पूर्वी मला त्यातल्या किलोमीटरच्या आकड्याचेच नवल वाटे. आता वाटते, त्यांच्याबरोबरची सर्वांत थकलेली व्यक्ती कोठे चालत असेल?

मित्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून टेम्पोत बसून आला. नांदुरीला मात्र तो उतरला. गडापर्यंतची घाटाची दहा किलोमीटर संध्याकाळच्या गारव्यात चालेन म्हणाला. त्याला निशाणाच्या मागे म्हाताऱ्यांत ठेवले आणि मी शेवटी राहिलो. वळणावळणावर वर पाहिले की त्याची पांढरी टोपी दिसे. तो माझ्यावर अजून चिडून आहे, पण उन्हासाठी नव्हे. त्या सबंध घाटात आजी दर शंभर पावलांवर त्याला सर्वांदेखत विचारत होत्या, "थकना का रे भाऊ?"