जुन्या गाडीच्या मीटर केबलची दुरुस्ती

ॲम्बॅसेडर गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले, प्रीमियर पद्मिनीचे त्याआधीच. तरीही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत काय किंवा खेडोपाडी काय, जुनी गाडी जपून वापरणारे आहेत. अशा गाडीचे मीटर बंद पडले की वेग कळत नाही आणि ऑइल बदलण्याचा हिशेबही चुकतो. मात्र केबल का तुटली हे न पाहता नवी घातल्यास तीही लवकरच तुटते.

दोष कसा ओळखावा?

गिअरबॉक्समधील पिनियन केबलची आतली तार फिरवते आणि तार मीटरमधील लोहचुंबक फिरवते. त्याच्या ओढीने काटा सरकतो. किलोमीटरचे आकडे फिरतात पण काटा हलत नाही, अशा वेळी दोष मीटरमध्ये असतो. दोन्ही बंद असल्यास प्रथम केबल तपासावी. काटा थरथरणे व किरकिर आवाज येणे ही तार कोरडी पडल्याची किंवा केबल मुडपल्याची पूर्वसूचना समजावी.

दुरुस्तीची पद्धत

१) बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. मीटरमागील नट सोडवून तार ओढून घ्यावी. तुटलेला खालचा तुकडा गिअरबॉक्सकडून काढावा.

२) तार अखंड असल्यास पिनियनचे दाते झिजले आहेत का ते पाहावे.

३) मीटरचा चौकोनी खाचेचा भाग हाताने हलकेच फिरवून पाहावा. तो जाम असल्यास आधी मीटर दुरुस्त करावे.

४) आवरण रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवावे. चेपलेले वा फाटलेले आवरण बदलावे.

५) जुन्या तारेच्याच लांबीची नवी तार घ्यावी. तिला ग्रीसचा पातळ हात द्यावा. मीटरकडील सुमारे २० सें.मी. भाग कोरडा ठेवावा, अन्यथा ग्रीस मीटरमध्ये शिरते.

६) तार फिरवत आत सरकवावी. चौकोनी टोके दोन्हीकडे नीट बसल्यावरच नट आवळावेत.

७) केबलला १५ सें.मी. त्रिज्येपेक्षा तीव्र वळण देऊ नये. ती सायलेन्सरपासून दूर बांधावी.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर सोबतीला घड्याळ पाहण्यास सांगावे. काटा ४० वर स्थिर असताना एका किलोमीटरला ९० सेकंद लागले, तर मीटर बरोबर आहे. वर्षातून एकदा तार काढून पुसावी व पुन्हा ग्रीस लावावे.