नव्या नाण्याच्या प्रकाशन समारंभात व्यापाऱ्याने काय पाहावे?

दहा रुपयांचे नाणे गल्ल्यात घेण्यास नकार देणारा दुकानदार आणि एखादे जुने स्मारक नाणे लाखाला विकले जाईल म्हणून ते कपाटात जपून ठेवणारा दुकानदार, हे पुष्कळदा एकाच पेठेत भेटतात. कधी कधी तर तो एकच इसम असतो! दोन्ही गोष्टींच्या मुळाशी अडचण एकच आहे. नाण्याची किंमत कोण ठरवतो आणि ती नेमकी कशाची असते, हे आपल्यापैकी अनेकांनी कधी नीट तपासून पाहिलेले नसते. ते समजावे म्हणून आम्ही येथे नव्या नाण्याच्या प्रकाशन समारंभाची माहिती देत आहोत. उदाहरण अमेरिकेचे घेतले आहे. कारण तेथे हा समारंभ सर्वसामान्य लोकांना खुला असतो आणि नवे नाणे त्याच दिवशी, त्याच जागी लोकांच्या हातात पडते. आपल्या देशातील रीत निराळी आहे. तिच्याकडे नंतर वळू.

अमेरिकेत डॉलरच्या चौथ्या हिश्शाचे, म्हणजे २५ सेंटचे नाणे चालते. त्याला तेथे क्वार्टर म्हणतात. (आपल्याकडे या शब्दाचा जो अर्थ प्रचलित आहे, तो येथे अभिप्रेत नाही!) आपल्या जुन्या चार आण्यांसारखे हे रोजच्या व्यवहारातले नाणे आहे. १९९७ साली तेथे कायदा झाला आणि १९९९ ते २००८ या दहा वर्षांत पन्नास राज्यांची पन्नास नाणी काढण्यात आली, दरवर्षी पाच. राज्ये ज्या क्रमाने संघराज्यात आली, त्याच क्रमाने नाणी निघाली. पहिले डेलावेअरचे, शेवटचे हवाईचे. पुढे २०१० ते २०२१ या काळात राष्ट्रीय उद्याने व ऐतिहासिक स्थळांची ५६ नाणी आणि २०२२ ते २०२५ या काळात कर्तबगार स्त्रियांची २० नाणी निघाली. एका बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूचे चित्र तेवढे बदलत गेले. वजन ५.६७ ग्रॅम, आतला गाभा तांब्याचा, वरचा पत्रा तांबे-निकेलचा. यात काहीही फरक पडला नाही. नाणे टाकून वस्तू देणाऱ्या यंत्राला जुने काय आणि नवे काय, सारखेच.

हे समारंभ पुष्कळदा त्या त्या राज्यात किंवा त्या उद्यानाजवळच भरवले जात. टांकसाळीचे अधिकारी येतात, भाषणे होतात, शाळेची मुले गाणी म्हणतात. कित्येकदा आदल्या संध्याकाळी लोकांची बैठक घेऊन पुढील नाण्यांवर काय असावे याविषयी त्यांचे म्हणणेही ऐकून घेतले जाई. पण व्यापाऱ्याने पाहण्यासारखा भाग भाषणे संपल्यावर सुरू होतो. स्थानिक बँक तेथे मेज मांडून बसते आणि लोक रांग लावतात. दहा डॉलरची नोट द्यायची आणि चाळीस नव्या कोऱ्या नाण्यांची कागदात गुंडाळलेली नळी घ्यायची. तिला रोल म्हणतात. चाळीस गुणिले पंचवीस सेंट, बरोबर दहा डॉलर. बट्टा नाही, दलाली नाही, प्रवेश शुल्क नाही. एकाने किती रोल घ्यावेत यावर बहुधा मर्यादा असते. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना एकेक नाणे फुकट दिले जाते.

आता त्या मेजापासून वीस पावलांवर काय घडते ते पाहा. रांगेतून बाहेर पडलेला नाण्यांचा व्यापारी तोच रोल, ज्यांना येता आले नाही त्यांना टपालाने जादा दराने विकतो. नाणे तेच, धातू तोच. मग वरची रक्कम कशाची? काही अंशी ती त्याच्या खेपेची, रांगेत उभे राहण्याची, बांधणीची आणि टपालाची आहे. ही सरळ मजुरी झाली आणि तिच्यात गैर काही नाही. पण पुष्कळदा तो आणखी एक वस्तू विकतो, ती म्हणजे आशा. "पहिल्या दिवसाचे नाणे आहे, पुढे किंमत वाढेल." प्लास्टिकच्या सीलबंद डबीवर 'सर्वांत आधी पाडलेले' अशी चिठ्ठी लावूनही नाणी विकली जातात. वास्तविक कोणते नाणे आधी पडले आणि कोणते नंतर, याची नोंद अमेरिकेची टांकसाळ ठेवत नाही, आणि तसे तिने स्वतःच सांगितले आहे.

या आशेचा हिशेब आकड्यांत करून पाहावा. डेलावेअरची चलनी नाणी १९९९ साली फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन टांकसाळींत मिळून ७७ कोटींहून अधिक पाडली गेली. जी वस्तू ७७ कोटी नग आहे, ती दुर्मीळ कशी होणार? व्यवहारात फिरलेले ते नाणे आज पाव शतकानंतरही २५ सेंटचेच आहे. अपवाद आहेत. २००४ च्या विस्कॉन्सिन राज्याच्या काही नाण्यांवर मक्याच्या कणसाला एक जादा पान उमटले आणि त्यांना चांगला भाव आला. परंतु ती गोष्ट समारंभात कोणालाच ठाऊक नव्हती. नंतर चिल्लर निवडत बसलेल्या चिकाटीच्या माणसांना ती सापडली.

या सौद्यात सरकारचा नफा खात्रीचा असतो, हेही व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावे. नाणे पाडायला २५ सेंटपेक्षा कमी खर्च येतो. लोकांनी ते हौसेने पेटीत ठेवले की त्या बदल्यात सरकारला पुन्हा कधीच काही द्यावे लागत नाही. वरची रक्कम खजिन्यात राहते. बँड आणि भाषणांचा खर्च कशातून निघतो, ते यावरून समजेल.

अमेरिकेत आणखी एक धंदा या नाण्यांवर चालला. कोणी त्यांना सोन्याचा मुलामा दिला, कोणी रंग भरले, कोणी चित्राभोवतीचा भाग करवतीने कापून लॉकेट बनवले. तेथील कायदा फसवणुकीच्या हेतूने नाण्यात केलेल्या फेरफारासाठी शिक्षा सांगतो, त्यामुळे असे दागिने तेथे उघडपणे विकले जातात. परदेशी मासिकात किंवा पडद्यावर हे काम पाहून आपल्या कारागिराच्या मनात साहजिकच येते की हा हुन्नर तर आपल्याही हातात आहे. येथेच थांबावे. भारताचा कायदा या बाबतीत अगदी निराळा आहे.

आपल्याकडे नाणे अधिनियम, २०११ लागू आहे. त्यातील नाण्याच्या व्याख्येत स्मारक नाणे स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. कलम १२ प्रमाणे नाणे वितळवणे, नष्ट करणे किंवा देवघेवीच्या साधनाखेरीज अन्य कामी वापरणे यास मनाई आहे. वितळवलेले अथवा मोडतोड केलेले नाणे जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तेव्हा गिऱ्हाईक ओळखीचे आहे, नाणे त्याचेच आहे, मजुरी चांगली देतो आहे, असे असले तरी नाण्याला भोक पाडून किंवा कडी जोडून देऊ नये. पाच रुपयांच्या नाण्यापायी दुकानाला कुलूप लागण्याची पाळी कशाला आणावी?

हेच कलम व्यापाऱ्यालाही लागू आहे. दर्शनी किमतीहून वेगळ्या दराने विकण्यासाठी, आपल्या वाजवी गरजेपेक्षा फार मोठ्या संख्येने नाणी साठवणे त्यात निषिद्ध आहे. म्हणजे अमेरिकेतील व्यापाऱ्याप्रमाणे नव्या नाण्यांची पोतीच्या पोती भरून ठेवण्याचा विचार येथे करता येत नाही. चलनी नाणे जादा रकमेला विकण्याचा शरई मुद्दा स्वतंत्र आहे. तो उलेमांना विचारावा. आम्ही येथे फक्त कायदा आणि हिशेब सांगत आहोत.

कारागिराला या क्षेत्रात काम नाही, असे मात्र नाही. नाणेसंग्राहकांना लाकडी पेट्या, मखमली खणांच्या डब्या, जाड कागदाचे अल्बम, कापडी बटवे लागतात आणि ते टिकाऊ हवे असतात. चांदीचा कारागीर स्वतःच्या नक्षीचे पदक घडवू शकतो. मात्र त्यावर रुपयाचा आकडा घालू नये, ते नाण्यासारखे भासू नये आणि चार सिंहांची राजमुद्रा तर मुळीच उमटवू नये. राजमुद्रेच्या गैरवापरासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे.

आता आपल्याकडील समारंभ. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघाले. आजकाल प्रकाशन बहुधा निमंत्रितांच्या सभेत होते. १ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने नव्वदाव्या वर्षात पदार्पण केल्याच्या निमित्ताने मुंबईत समारंभ झाला आणि पंतप्रधानांच्या हस्ते ९० रुपयांचे चांदीचे नाणे प्रकाशित झाले. तेथे मेज नव्हते आणि रांगही नव्हती. अशी नाणी सामान्य माणसाला नंतर सरकारी टांकसाळीकडे मागणी नोंदवून घ्यावी लागतात. मुंबईची टांकसाळ फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेसमोरच आहे. कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथे बाकीच्या तीन.

आपल्या स्मारक नाण्यांचे दोन वर्ग आहेत आणि गोंधळ होतो तो येथे. पहिला वर्ग चलनी नाण्यांचा. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपये, त्याच वर्षीचे संत ज्ञानेश्वरांचे एक रुपया, २०१३ चे मौलाना अबुल कलाम आझादांचे पाच रुपये, २०१४ चे बेगम अख्तर यांचे पाच रुपये, ही सारी या वर्गातली. गल्ल्यात आली तर दर्शनी किमतीला घ्यावीत आणि तशीच द्यावीत. एखादे मुलांसाठी ठेवावेसे वाटले तर खुशाल ठेवावे.

दुसरा वर्ग चांदीच्या नाण्यांचा, ही चलनात फिरण्यासाठी नसतात. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या निमित्ताने निघालेले ७५ रुपयांचे नाणे पाहा. वजन ३५ ग्रॅम, त्यात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. केवळ हिशेबासाठी चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला, तर चांदी १,७५० रुपयांची झाली. विकणारा जे मागेल त्यातून हे वजा करावे. उरते ती घडणावळ, डबी, सरकारी शिक्का आणि हौस. हौसेपायी किती मोजायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, पण ती चांदी समजून मोजू नये. शिवाय सगळी स्मारक नाणी एकाच मिश्रणाची नसतात. रिझर्व्ह बँकेचे ९० रुपयांचे नाणे शुद्ध चांदीचे आणि ४० ग्रॅमचे आहे. म्हणून सोबतच्या कागदावरील वजन व धातू वाचल्याशिवाय सौदा करू नये.

दहा रुपयांच्या नाण्याचा घोळही चित्रांच्या विविधतेतूनच जन्मला. वेगवेगळ्या प्रसंगांची नाणी निघत गेली, रुपयाचे नवे चिन्ह आले, आणि लोकांना त्यातली काही खोटी वाटू लागली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले की तोवर निघालेल्या दहा रुपयांच्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. एक रुपया व त्यावरील नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी कायदेशीर चलन आहेत. तेव्हा दहाचे नाणे परत करणारा दुकानदार गिऱ्हाईकही गमावतो आणि कायद्याच्या चुकीच्या बाजूलाही उभा राहतो. दुकानात 'दहाची सर्व नाणी स्वीकारली जातील' अशी पाटी लावली, तर सुट्ट्यांची ओरडही कमी होईल.

राहिला प्रश्न लाखाच्या नाण्यांचा. २०१२ च्या वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशी अफवा बरीच वर्षे फिरत आहे. आपल्या लोकांसाठी जाळे वेगळे टाकले जाते, ७८६ क्रमांकाच्या नोटेचे. पद्धत दोन्हीकडे एकच. फोटो मागवतात, भरमसाट किंमत कबूल करतात आणि मग नोंदणी फी, कर किंवा दलाली म्हणून आधी पैसे भरायला सांगतात, कधी कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्रही दाखवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे की असे व्यवहार ती करत नाही आणि त्यासाठी कोणतीही फी घेत नाही. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नसतो. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प न बसता १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. जितकी घाई, तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक.