प्रतिपिंडांवरची साखर आणि संधिवात

प्रश्न : मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. या आजारात प्रतिपिंडांवरची साखर बदलते, असं वाचलं. मग गोड सोडू का? गरोदरपणात सांधे बरे होते, बाळंतपणानंतर पुन्हा आखडले, ते कशामुळे?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : ही साखर आहारातली नव्हे. आयजीजी प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी 'वाय'सारखा असतो. त्याच्या देठावर, दोन्ही जड साखळ्यांच्या 297व्या स्थानी, शर्करांची छोटी फांदी असते. ती पेशीतच जोडली जाते. तुमच्या आजारात या फांदीच्या टोकाचं गॅलॅक्टोज बरेचदा कमी असतं. ऑक्सफर्ड आणि जपानमधील संशोधकांनी 1985 मध्ये हे दाखवलं. काही रुग्णांत हा बदल सांधे दुखू लागण्यापूर्वीच दिसतो. गरोदरपणात गॅलॅक्टोज वाढतं, बाळंतपणानंतर घटतं. तुमचा अनुभव याच्याशी जुळतो. मात्र हार्मोन्ससारखी इतर कारणंही असतात.

प्रतिपिंडांवरच्या या गॅलॅक्टोजची तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे. निदानासाठी लक्षणं आणि आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्तचाचण्या यांवरच भर असतो. गोड बेतानं खा, पण औषधं मनानं बंद करू नका. पुन्हा मूल हवं असेल, तर आधीच डॉक्टरांना सांगा. मेथोट्रेक्झेट हे औषध सुरू असल्यास ते गर्भधारणेपूर्वी थांबवावं लागतं.